साचा पाडण्याआधी: कल्पना छोट्या प्रमाणावर तपासायची पद्धत

खानदेशात नवं काही करून बघणाऱ्यांची वाण नाही. कुणी केळीच्या बागेसाठी गाडा बनवतं, कुणी मिरची वाळवायचं यंत्र, कुणी मजुरांच्या टोळ्या मिळवून देणारं ॲप. बहुतेकांची वाट मात्र एकच असते. कल्पना सुचली की वहीत चित्र काढायचं, वेल्डिंगच्या दुकानात जाऊन अख्खं यंत्र बनवून घ्यायचं आणि मग ते चालतं का ते बघायचं. तोवर पैसे लोखंडात गेलेले असतात. चूक दिसली तरी मोडायला हात धजत नाही, आणि यंत्र विहिरीच्या कडेला गंज खात उभं राहतं. यात कष्टांची किंवा हुशारीची कमतरता नसते. चुकतो तो क्रम, आणि तो बदलता येतो.

छोटी चाचणी म्हणजे वस्तूची लहान प्रतिकृती असा अनेकांचा समज असतो. माझ्या मते चाचणी हा एक प्रश्न असतो, आणि उत्तर काय येतं त्यावर तुमचा पुढचा निर्णय बदलायला हवा. ज्या भागाबद्दल शंका आहे तेवढाच भाग खराखुरा ठेवायचा, बाकी सगळं बांबू, पुठ्ठा, गोणपाट यांवर भागवायचं. पुढची सगळी पद्धत यातूनच निघते.

गृहीतकं कागदावर उतरवा

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांचं उदाहरण घेऊ. वीस-पंचवीस किलोचा घड मजूर डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन बांधावरच्या गाडीपर्यंत आणतात. समजा, तुम्हाला सुचलं की दोन ओळींमधून चालणारा एक हातगाडा असावा. कल्पना साधी वाटते, पण तिच्या पोटात किती गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत बघा. ओल्या काळ्या मातीत चाक फिरेल. जमिनीवरच्या ठिबकच्या नळ्यांवरून गाडा गेला तरी नळ्या दबणार नाहीत. बाग भरात असताना पानं, टेकू आणि पिलं यांच्यामधून तो वळेल. घड डोक्यावरून नेण्यापेक्षा गाड्यात कमी खरचटेल. मजुरांना तो वापरावासा वाटेल. आणि कुणीतरी तो विकत घेईल.

प्रत्येक गृहीतकापुढे दोन गोष्टी लिहा. हे खोटं निघालं तर कल्पना कितपत कोसळेल? आणि याबद्दल आपल्याला आत्ता किती खात्री आहे? जे खोटं निघाल्यावर सगळंच संपतं आणि ज्याची खात्री सर्वांत कमी आहे, ते पहिल्यांदा तपासायचं. मन उलट ओढतं, कारण जे जमणार हे माहीत असतं तेच आधी करून बघण्यात मजा असते. गाड्याचा रंग, हँडलचा आकार, नाव असल्या गोष्टींत महिना सहज जातो आणि चाक मातीत फिरतं का हा प्रश्न तसाच राहतो.

शेवटच्या दोन गृहीतकांना लोक सहसा हातच लावत नाहीत. कापणी व्यापाऱ्याच्या टोळीकडून होत असेल, तर गाडा विकत घेणारा एक, वापरणारा दुसरा आणि फायदा होणारा तिसरा. अशा ठिकाणी उत्तम गाडासुद्धा पडून राहतो. हा प्रश्न तपासायला एक नटबोल्टही लागत नाही. व्यापारी, शेतकरी आणि टोळीचा मुकादम यांच्याशी वेगवेगळं बसून बोललं की पुरतं.

कागदावरची चाचणी सगळ्यांत स्वस्त

हत्यार उचलण्याआधी हिशोब मांडा. नंदुरबारची मिरची पथारी अनेकांनी पाहिली असेल. ओली लाल मिरची मोकळ्या जमिनीवर पसरून उन्हात वाळवतात, आणि अवकाळी पाऊस आला की पसरलेला माल भिजतो. त्यामुळे सौर ड्रायरची कल्पना दर दोन-चार वर्षांनी कुणाला ना कुणाला सुचतेच.

आता 10 किलो ओली मिरची धरा. तिच्यात पाऊणभाग पाणी आहे असं मानलं तर कोरडा अंश अडीच किलो. माल 10 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवायचा असेल तर शेवटी वजन साधारण 2.8 किलो भरेल, म्हणजे जवळपास 7.2 किलो पाणी उडवावं लागेल. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 2.4 मेगाज्यूल उष्णता लागते. एकूण झाली 17 मेगाज्यूलच्या थोडी वर, म्हणजे विजेच्या मोजमापात 4.8 युनिट. आपल्याकडे चांगल्या उन्हात एका चौरस मीटरवर दिवसाला पाचेक युनिट ऊर्जा पडते असं धरू. साध्या ड्रायरमध्ये त्यातली 30 टक्के कामाला आली तर हातात उरतं दीड युनिट. म्हणजे 10 किलो मिरची एका दिवसात वाळवायला तीन चौरस मीटरपेक्षा जास्त काच किंवा प्लास्टिक हवं. हाच हिशोब एका टनाला लावा, 300 चौरस मीटरच्या वर जातो.

पथारीवर माल टनांनी पडलेला असतो. पत्रा कापण्याआधीच एवढं कळलं की पुढची दिशा आपोआप बदलते. सगळा माल ड्रायरमध्ये घालायचा की फक्त चांगल्या भावाचा? पूर्ण वाळवायचा की उन्हात अर्धा वाळल्यावर शेवटचा टप्पाच ड्रायरमध्ये करायचा? की खरी गरज ड्रायरची नसून पाच मिनिटांत पसरता येईल अशा ताडपत्रीच्या सोयीची आहे? मला यातला तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि तो तपासायला एक दोरी, चार माणसं आणि एक घड्याळ पुरतं.

उत्तर येण्याआधी पास-नापास ठरवा

एका चाचणीला एकच प्रश्न. तो पूर्ण वाक्यात लिहा: “पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी 50 किलो ओझं घेऊन एका माणसाला हा गाडा ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता नेता येतो का?” त्याखाली लिहा की किती वेळा थांबावं लागलं तर आपण चाकाची कल्पना सोडू. आकडा आधी लिहायचा, तारीख घालायची आणि सोबतच्या एखाद्याची सही घ्यायची. चाचणी झाल्यावर आकडा ठरवला तर मन आपल्याला हवा तोच आकडा ठरवतं. जीव लावलेल्या कल्पनेच्या बाबतीत हे प्रत्येक माणसाचं होतं.

नमुना: जेवढं शंकेचं, तेवढंच खरं

चाकाच्या प्रश्नाला अख्खा गाडा नको. सायकलची दोन जुनी चाकं, बांबू, सुतळी आणि मातीने भरलेली दोन पोती एवढ्यावर भागतं. चाकाला पोत्यात केळी आहे की माती, याने फरक पडत नाही. मात्र वजन, चाकाची रुंदी आणि जमीन खरी हवी. अंगणातल्या फरशीवर केलेली चाचणी या प्रश्नाला निरुपयोगी आहे.

घड खरचटतो का, हा प्रश्न असेल तर सगळं उलटं होतं. आता चाकं दुय्यम, घड खरा हवा आणि तो ज्यावर टेकतो ते अस्तर खरं हवं. एकाला फोम लावा, एकाला गोणपाट, एकाला केळीचीच पानं. इथे एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. घड कापला की दांड्यातून चीक गळतो. पहिल्या काही घडांना फोम मऊ आणि स्वच्छ असतो. चीक मुरत गेला की तो काळा आणि चिकट होतो, त्यावर मातीचे कण बसतात, आणि मऊ अस्तर पॉलिश पेपरसारखं काम करायला लागतं. पहिल्या पाच घडांवर खूश होऊन थांबलेल्याला हे कधीच दिसणार नाही. म्हणून अस्तराची चाचणी अख्ख्या सकाळच्या कापणीत घ्यायची. दिवसभर वापरलेल्या अस्तरावरचे शेवटचे घड पहिल्या घडांपेक्षा जास्त महत्त्वाचे.

हातात धरायची वस्तू असेल तर काम न करणारा नमुनासुद्धा बरंच सांगतो. पाम पायलट हा खिशात मावणारा संगणक 1996 मध्ये बाजारात आला. त्याआधी तो घडवणारे जेफ हॉकिन्स लाकडाचा तेवढाच ठोकळा खिशात घेऊन फिरत आणि कुणी भेटीची वेळ विचारली की तो काढून त्यावर लिहिल्यासारखं करत. वस्तू जवळ बाळगावीशी वाटते का, एवढंच त्यांना ठोकळ्याकडून हवं होतं. फवारणीचा नवा पंप करणाऱ्याने पुठ्ठ्याचा आणि पट्ट्यांचा पंप, आत योग्य वजनाचं पाणी ठेवून, एखाद्या ताईंच्या पाठीवर तासभर द्यावा. पट्टा कुठे रुततो ते तासाभरात कळतं.

ॲप किंवा सेवा असेल तर पडद्यामागे माणूस बसवा. टोळी मिळवून देणारं ॲप करायचं आहे ना? आधी एकच गाव घ्या. एक फोन नंबर, एक वही, आणि मुकादमांना फोन लावणारे तुम्ही स्वतः. शेतकऱ्याला मागणीच्या बदल्यात टोळी मिळते, आतलं काम यंत्र करतंय की माणूस, याची त्याला गरज नसते. अशा आठ-दहा दिवसांत कळतं की लोकांची अडचण टोळी शोधण्याची नाहीच. कबूल केलेली टोळी ऐन वेळी दुसरीकडे जाते, ही असू शकते. तसं असेल तर तुमचं ॲप वेगळंच असायला हवं. मागे माणूस आहे हे कुणी विचारलं तर खरं सांगा, आणि लोकांचे नंबर इतर कशाला वापरू नका.

स्क्रीन दाखवायची असेल तर कागदावर काढा, एका कागदावर एक स्क्रीन. माणसाने बोट ठेवलं की तुम्ही पुढचा कागद समोर ठेवायचा. रेखाटन कच्चं असेल तर लोक मोकळेपणाने चुका दाखवतात. गुळगुळीत स्क्रीन पाहिली की तयार वस्तूला कशाला नावं ठेवायची म्हणून गप्प बसतात.

लहान करताना काय बिघडतं

या टप्प्यावर शिकलेली माणसंही फसतात. वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली तर तिचं वजन आठपट होतं, पण पायांचं छेदाचं क्षेत्र फक्त चौपट वाढतं. हातभर उंच रॅक मजबूत उभी राहिली म्हणून तशीच पुरुषभर उंच रॅक उभी राहील असं नाही. उष्णता, हवा आणि ओलावा यांच्या बाबतीतही तेच. दोन ट्रेचा ड्रायर छान चालतो, कारण गरम हवा लगेच बाहेर पडते. दहा ट्रे एकावर एक रचले की खालच्या ट्रेमधलं पाणी घेऊन हवा आधीच दमट झालेली असते. खालची मिरची कडक आणि वरची ओलसर राहते. मिरची अशी रेंगाळत वाळली की बुरशी धरते, आणि बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं.

म्हणून शक्य तिथे वस्तू लहान करण्यापेक्षा पूर्ण आकाराची एक फाक करा. दहा ट्रेच्या उंचीचा पण रुंदीने हातभरच असा एक उभा खण बनवा, तिन्ही बाजूंनी थर्माकोल लावा, आणि खालच्या, मधल्या व वरच्या ट्रेचं वजन दर दोन तासांनी घ्या. माल थोडा लागतो, पण उंचीचा प्रश्न खरा राहतो. मिरचीचा रंगही बघा. ताप फार चढला तर रंग काळवंडतो, आणि घेणारा आधी रंगच बघतो.

जुन्या पद्धतीच्या शेजारी ठेवून बघा

“नव्या गाड्याने फक्त 6 टक्के फण्यांना डाग पडले” या वाक्याला काहीच अर्थ नाही. डोक्यावरून आणलेल्यांना किती पडले? त्याच दिवशी, त्याच बागेत, त्याच टोळीने? शेतीच्या प्रयोगांत शेजारी-शेजारी तुलना, पुनरावृत्ती आणि चिठ्ठी टाकून वाटणी या गोष्टी संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड केंद्रात शंभर वर्षांपूर्वी पक्क्या केल्या. आपल्याला त्यांचं सगळं गणित लागत नाही, शिस्त लागते.

दर घडाला नाणं उडवा. छापा आला तर गाड्यात, काटा आला तर डोक्यावरून. चांगले दिसणारे घड नकळत नव्या गाड्यात जातात, ते नाण्यामुळे टळतं. बांधालगतच्या ओळी सोडून द्या, तिथलं ऊन, वारा आणि पाणी वेगळं असतं. दोन्हीकडच्या फण्यांना फक्त नंबरच्या चिठ्ठ्या बांधा आणि कुठला नंबर कसा आला ते वेगळ्या वहीत ठेवा. डाग मोजणाऱ्याला ती वही दाखवायची नाही.

आणि मोजायचं कधी? बागेत हिरव्या सालीवर फारसं काही दिसत नाही. दाब आणि ढुशी यांचे काळे चट्टे बहुतेक वेळा माल रायपनिंग चेंबरमध्ये पिवळा झाल्यावर उठून येतात. म्हणजे कापणीच्या दिवशी मोजलेला निकाल जवळपास निकालच नाही. चेंबरवाल्याशी आधी बोलून तुमच्या फण्या एका बाजूच्या कॅरेटमध्ये ठेवून घ्या, आणि रंग आल्यावर मोजा. तुमच्या वस्तूचं नुकसान किंवा फायदा नेमका कुठे आणि किती दिवसांनी दिसतो, हे शोधणं कित्येकदा वस्तू बनवण्याइतकंच कष्टाचं असतं. मी तरी चाचणी ठरवताना सगळ्यांत जास्त वेळ यावर घालवायला सांगेन.

माणसांबरोबर

आपल्याकडे दारी आलेल्याचं मन मोडायची रीत नाही. नवी वस्तू दाखवून “कशी वाटते भाऊ?” असं विचारलं तर “भारी शे!” हेच उत्तर मिळणार. ते प्रेमाने दिलेलं असतं, पण त्यावर साचा पाडता येत नाही. म्हणून मत विचारू नका, काम करायला द्या. “हा घड त्या गाडीपर्यंत न्या” एवढंच सांगा आणि गप्प उभे राहा. माणूस अडला की धावत जाऊन दाखवायचा मोह होतो, तेव्हा हात मागे बांधा. तो कुठे थांबला, वस्तू उलटी धरली का, कुठला भाग न वापरताच काम केलं, ते लिहा. पूर्वीबद्दल विचारायचं असेल तर घडलेलं विचारा: मागच्या कापणीत काय त्रास झाला, तेव्हा काय केलंत, त्याला किती खर्च आला?

बोलताना समोरच्याची भाषा येत असेल तर तीच वापरा. घरात अहिराणी किंवा लेवा बोलणारी व्यक्ती पुस्तकी मराठीत विचारलं की पुस्तकी उत्तर देते. आपला भाऊ, साला, वर्गमित्र यांच्यावर चाचणी थांबवू नका. वयस्क मजूर, बायका, डावखुरे, चष्मेवाले असे निरनिराळे लोक घ्या. गाडा पुरुषाच्या उंचीला बेतला आणि वापरणाऱ्या बायका असल्या, हे फार वेळा होतं. ज्यांची रोजी बुडते त्यांना त्या वेळेची मजुरी द्या, फोटो काढण्याआधी विचारा.

किती माणसं? वापरताना कुठे अडतं एवढंच बघायचं असेल तर पाच पुरतात. जेकब निल्सन आणि थॉमस लँडॉअर यांनी 1993 मध्ये मांडलेल्या हिशोबात एका माणसाला सरासरी 31 टक्के अडचणी सापडतात आणि पाच जणांत मिळून सुमारे 85 टक्के. पण तो हिशोब स्क्रीनवरच्या अडचणींचा आहे. “दहापैकी आठ जण घेतील” असलं भाकीत पाच जणांवरून करू नये.

घेणार का, हे तोंडी विचारून कळत नाही. बयाणा मागा. शंभर रुपये का होईना, पण पुढच्या हंगामासाठी नाव लिहायला पैसे द्या म्हटलं की खरं उत्तर येतं. गाडा झाला नाही तर पैसे परत करायचे, आणि ते आधी लिहून द्यायचं.

आपला उन्हाळा, आपली माती

डिसेंबरात चाललेली वस्तू मे महिन्यात चालेलच असं नाही. जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. उन्हात तापलेल्या लोखंडी दांड्याला दुपारी हात लावून बघा, मुठीला कापड गुंडाळावं लागेल हे लगेच कळतं. स्वस्त प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होतं, चिकटपट्ट्या सुटतात, मोबाइलची स्क्रीन भर उन्हात वाचता येत नाही. काळ्या मातीचा त्रास पावसाळ्यात कळतो. चाकाला मातीचे थर चढत जातात, आणि चाक व सांगाडा यांच्यात बोटभरच फट असेल तर चाक जाम. सगळ्या ऋतूंसाठी थांबायला वेळ नसेल तर ऋतू जवळ आणा. वाफ्यात पाणी सोडून चिखल करा, नमुना आठवडाभर पत्र्याच्या छतावर ठेवा.

वाढवायचं कसं, आणि कुठे थांबायचं

चाचणी संपली की त्याच संध्याकाळी तीन ओळी लिहा: काय अपेक्षित होतं, काय झालं, कशाचं आश्चर्य वाटलं. आधी लिहिलेला आकडा काढा आणि ठरवा, सोडायचं, बदलायचं की पुढे जायचं. बदलायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. चाकही बदललं आणि अस्तरही, तर डाग कशाने कमी झाले ते सांगता येणार नाही.

पुढे जाताना उड्या मारू नका. एक ओळ, मग एक बाग, मग दोन वेगळ्या गावांतल्या बागा, मग पूर्ण हंगाम तुमच्या गैरहजेरीत. हा शेवटचा टप्पा वगळू नका. तुम्ही शेजारी उभे असता तेव्हा नट ढिला झाला की नकळत तुम्हीच आवळता. गाडा हंगामभर देऊन टाका आणि मग बघायला जा: तो कुठे ठेवलाय, कुठला भाग तारेने बांधलाय, काय काढून फेकलंय. लोकांनी केलेली दुरुस्ती नीट बघा, पुढच्या नमुन्याचं निम्मं चित्र तिथेच मिळतं.

छोट्या चाचणीची एक मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवा. क्वचित घडणाऱ्या गोष्टी तिच्यात दिसत नाहीत. 30 वेळा वापरून एकदाही काही मोडलं नाही, तर मोडण्याचं प्रमाण शून्य आहे असं सिद्ध होत नाही. 3 ला 30 ने भागा. ते दहात एक इतकंही असू शकतं, असं 95 टक्के खात्रीने काढलेली वरची मर्यादा सांगते. 300 वेळा निर्दोष चाललं तर ती शंभरात एकवर येते. डाग पडण्याच्या बाबतीत हे चालून जाईल. बोट जाण्याच्या बाबतीत चालणार नाही. पातं, पट्टा, फिरता दांडा किंवा वीज असलेलं काहीही दुसऱ्याच्या हातात देण्याआधी त्यावर गार्ड बसलेलं असायला हवं, बंद करायचं बटण हाताशी हवं, आणि जाणत्या माणसाने ते तपासलेलं हवं. कच्चा नमुना आहे, गार्ड नंतर लावू, असं इथे म्हणता येत नाही. खाण्याच्या पदार्थाचंही तसंच. चव घरच्या माणसांत तपासा, पण विकायला काढण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी करा आणि वाळवलेल्या मालाचा ओलावा प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

प्लास्टिकचे भाग काढायचा साचा पाडायचा तर खर्च लाखांत जातो, आणि पाडल्यावर त्यात बदल करणं महाग असतं. त्यामुळे जळगावच्या एमआयडीसीत साच्याचा ॲडव्हान्स देण्याआधी वही उघडा. एक हंगाम तुमच्या गैरहजेरीत वापरलेला नमुना, डाग मोजल्याचे दोन बागांचे आकडे, आणि ज्यांनी बयाणा दिला त्यांची नावं, या तीन गोष्टी वहीत असतील तर ॲडव्हान्स द्या. एखादी नसेल तर साचा पुढच्या हंगामावर ढकला आणि वेल्डिंगच्या दुकानातून आणखी दोन गाडे करून घ्या.